आमच्या डेअरीची करंटवरची जीप

कुणी मला विचारलं, "मॅडम, ती इलेक्ट्रिक जीप रोजच्या जाण्यायेण्याला बरी का हो? आणि रानात, डोंगरात चालते का?" की माझी पंचाईत होते. एका वाक्यात उत्तर देताच येत नाही. मी "अहो, त्याचं काय झालं..." असं सुरू करते आणि समोरच्याचा चहा गार होतो.

मी जनावरांची डॉक्टर. तुळजापूरच्या एका डेअरीत नोकरीला आहे. राहायला धाराशिवात. गावोगावच्या गायी-म्हशी तपासायला डेअरीची एक जीप असते, ती सकाळी मला घरून उचलते आणि दिवसभर रानोमाळ हिंडवून संध्याकाळी घरी आणून सोडते.

जुन्या डिझेल जीपचे आमच्याकडं दोनच किस्से होते. एक म्हणजे ती चालू झाली नाही. दुसरा म्हणजे ती थांबली नाही. आलटून पालटून हेच! मग वरून हुकूम आला आणि नवीकोरी, चारही चाकांना जोर असलेली इलेक्ट्रिक जीप दारात उभी राहिली. तेव्हापासून किस्से असे साचलेत, जशी डेअरीमागं रिकाम्या कॅनची थप्पी. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात!

यात माणसं तीनच. एक मी. दुसरे आमचे मॅनेजर बिराजदार साहेब. माणूस देवभोळा, देहानं भारदस्त, आणि घरी कानडीत बोलत असल्यामुळं रागावले की मराठी विसरणारे. आणि तिसरे ड्रायव्हर रसूलभाई. सगळं आयुष्य डिझेलच्या वासात गेलेलं. नवी जीप बघून ते पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "मॅडम, हिला वासच न्हाय. भरवसा कसा ठेवायचा?"

*

गाडीची पूजा डेअरीच्या आवारात झाली. गुरुजी आले, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. बिराजदार साहेब हात जोडून म्हणाले, "रसूलभाई, घ्या देवाचं नाव आणि करा चालू."

रसूलभाईंनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. काहीच नाही. आवाज नाही, थरथर नाही, धूर नाही.

त्यांनी परत दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही!

मग आवारातला प्रत्येक जण मेकॅनिक झाला. "चोक द्या!" "बॅटरी उतरली आसंल!" "बॅटरीचीच गाडी हाय की रं ती, उतरून जाती कुठं?" शेवटी दूध मोजणारी पोरं मागं गेली आणि "हय्या!" करून धक्का मारायच्या तयारीत उभी राहिली.

खरी गोष्ट अशी होती की गाडी पहिल्याच वेळी चालू झाली होती. दुसऱ्यांदा दाबल्यावर बंद झाली. तिसऱ्यांदा परत चालू. हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता! गिअर तसाच टाकलेला ठेवून रसूलभाई वैतागून खाली उतरायला निघाले, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि चाकाखालनं आवाज आला. फच्!

लिंबू फुटलं!

साहेब टाळ्या वाजवत ओरडले, "झाली! झाली चालू!"

गुरुजी माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "इतकी वर्षं गाड्यांची पूजा करतोय. लिंबानं चालू होणारी पहिल्यांदाच बघितली."

*

या जीपमध्ये एक बाई आहे. म्हणजे आवाज. "कृपया सीट बेल्ट लगाइए," "सामने ढलान है," असं गोड आवाजात सांगत असते. रसूलभाई तिला "बाई" म्हणतात आणि तिच्या प्रत्येक वाक्याला "हौ बाई" असं उत्तर देतात.

एकदा त्यांच्या घरून फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. भाभी विचारत होत्या, "जेवायला कधी येताव?" तेवढ्यात बाई बोलली, "कृपया आराम कर लीजिए. आप थके हुए लगते हैं."

पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज आला.

"कोन हाय ती?"

"गाडी हाय," रसूलभाई म्हणाले.

"गाडी? आन् ती तुमाला आराम कर म्हनती?"

मी पुढं झाले. "भाभी, मी मॅडम बोलतेय. खरंच गाडीच आहे ती."

"मॅडम," भाभींचा आवाज भरून आला, "तुमी बी ह्येंच्याच बाजूनं?"

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींना जीपमध्ये बसवून धाराशिवातनं एक चक्कर मारावी लागली. भाभी पुढच्या सीटवर ताठ बसल्या. रसूलभाईंनी जरा जोरात घेतली की बाई म्हणायची, "कृपया गति कम करें." रसूलभाई म्हणायचे, "हौ बाई," आणि कमी करायचे. वळणावर बाई म्हणाली, "ध्यान सामने रखिए." रसूलभाईंनी लगेच मान सरळ केली.

घर आलं. भाभी उतरल्या. दार लावता लावता मला म्हणाल्या, "राहू द्या मॅडम तिला. म्या लगीन झाल्यापास्नं हेच सांगतेय. माजं ऐकलं न्हाय, तिचं तरी ऐकत्यात."

*

एकदा जळकोटला बॅटरीनं मान टाकली. हायवेवर एवढी गाड्यांची वर्दळ, पण आपल्याला हवं ते चार्जिंग तेवढं नाही. गावात जोरदार करंटचा प्लग एकाच ठिकाणी होता, काशीनाथअप्पांच्या पिठाच्या गिरणीत. अडचण अशी की गिरणीची मोटर चालू असताना जीप लावली की दोन्ही सुस्त पडायच्या. एक तर जीप, नाहीतर दळण!

रसूलभाई वायर घेऊन आत गेले, तर ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या बायकांनी त्यांना दारातच अडवलं.

"ओ भाऊ, आमी सकाळधरनं बसलाव हितं. नंबरानं!"

"मावशी, गाडी हाय ओ, दळण न्हाय."

"काय का आसंना! नंबर म्हंजी नंबर!"

रसूलभाई निमूटपणे गाडीकडं आले, आपला जेवणाचा डबा घेऊन गेले आणि त्या डब्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी ठेवून आले. तो आमच्या जीपचा नंबर. एकेक डबा पुढं सरकायचा, मागनं कुणीतरी पायानं आमचा डबा पुढं ढकलायचं. आम्ही बाहेर लिंबाखाली बसून राहिलो. मधेच एक आजी लांबनं ओरडल्या, "ओ भाऊ, तुमचा डबा कुत्रं हुंगतंय!" तेवढंच काय ते मनोरंजन.

शेवटी नंबर आला. गिरणीच्या आवाजानं काशीनाथअप्पांचे कान बसलेले, पापण्यांवर पीठ. मान खाली घालून पाटीतलं पीठ झटकता झटकता त्यांनी विचारलं, "हं, काय आनलंय?"

रसूलभाई म्हणाले, "जीप."

अप्पांनी मान वर केलीच नाही.

"बारीक का जाड?"

*

उतारावर या गाडीची बॅटरी आपोआप थोडी भरते. हे कळल्यापासून रसूलभाई आठवडाभर विचारात होते. मग एक दिवस साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, आपन तुळजापूरचा घाट नुसता उतरतच राहिलाव, तर कधी चार्जिंगच लागनार न्हाय."

"मग चढायचं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"त्याचा बी इचार केलाय. चढताना जुन्या जीपला दोर बांधून टोचन करायचं."

साहेब कानडीत काहीतरी बोलले.

*

गाडीत माणसं किती, वजन किती, यावर रेंज कमीजास्त होते. रेंज म्हणजे अजून किती लांब जाता येईल तो आकडा. एकदा रसूलभाई भाबडेपणानं बोलून गेले, "साहेब, तुमी बसलाव की आकडा खाली येतो."

साहेबांना ते लागलं. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, बायकोनं सांगून झालं होतं, वजन हललं नव्हतं. पण गाडीनं बोलल्यावर माणसाचा स्वाभिमान जागा झाला!

कोजागिरीच्या आधीचे दिवस. आम्ही नळदुर्गकडनं तुळजापूरला परत येत होतो. रेंज काठावर. पहिला चढ आला तसे साहेब म्हणाले, "थांबवा. मी चालत येतो. तुम्ही हळू मागनं या." साहेब उतरून चालायला लागले. सपाटी आली की बसायचे, चढ आला की उतरायचे. तिसऱ्या चढाला नवे बूट चावायला लागले, तेव्हा ते काढून त्यांनी गाडीत टाकले.

आता चित्र बघा. कोजागिरीला आईच्या दर्शनाला कर्नाटकातनं माणसं पायी येतात, रस्ता नुसता भरून वाहतो. त्या गर्दीत आमचे साहेब अनवाणी, घामाघूम, कपाळाला विभूती, आणि त्यांच्यामागनं मुंगीच्या पावलानं चाललेली, दसऱ्याचा हार घातलेली, साहेबांची सीट रिकामी ठेवलेली जीप!

लोक रस्ता द्यायला लागले. एकानं लिंबू सरबत दिलं. एका बाईनं बाळ आणून पायावर घातलं. साहेब "अहो, अहो!" म्हणून मागं सरायला लागले, तर लोकांची खात्रीच झाली की हा माणूस पोचलेला आहे. एक पांढऱ्या फेट्याचे म्हातारबाबा तर बरोबरीनंच चालायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गाडी असून चालताय. लई मोठा नवस आसंल?"

साहेब धापा टाकत म्हणाले, "नवस नाही हो, बाबा. रेंजसाठी चालतोय."

म्हातारबाबांनी लगेच हात जोडले. दहा पावलं विचार केला. मग विचारलं, "रेंजव्वा? ही देवी म्या ऐकली न्हाय. आमच्याकडली का तुमच्याकडली?"

*

डेअरीच्या मुख्य ऑफिसातनं एक तरुण अधिकारी आले. डोळ्यांना गॉगल, पायात जाड तळव्याचे बूट. गाडी "फील्डला कशी परफॉर्म करते" ते त्यांना बघायचं होतं. साहेबांनी मला बजावलं, "यांचा रिपोर्ट चांगला गेला तर आणखी एक गाडी मिळेल. वाईट गेला तर हीसुद्धा जाईल. रसूलभाईंना म्हणावं, तोंड बंद ठेवा."

आम्ही येडशीच्या पुढं डोंगराच्या बाजूला निघालो. अधिकारी म्हणाले, "मला नेहमीचा रस्ता नको. प्रॉपर ट्रेल दाखवा. ऑफ-रोड!"

"हौ सर," रसूलभाई म्हणाले आणि गाडी एका फाट्याला वळवली.

आणि सुरू झालं! खड्ड्यातनं दगडावर, दगडावरनं खड्ड्यात. अधिकाऱ्यांनी एका हातानं छताची कडी धरली, दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढायला सुरुवात केली. गॉगल कानाला लटकायला लागला. "वा! काय ग्रिप आहे! काय सस्पेन्शन! ब्रिलियंट ट्रेल आहे हो! कुणी शोधला हा?"

रसूलभाईंनी आरशातनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतनं बाहेर बघायला लागले.

बराच वेळ अशी हाडं खिळखिळी करून घेतल्यावर आम्ही एका ओढ्यापाशी आलो. पलीकडं मेंढ्यांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेली मातीची वाट होती. गाडी तिच्यावर लागली आणि एकदम सगळं शांत. लोण्यातनं चालल्यासारखं. अधिकाऱ्यांनी गॉगल नीट केला, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "चला, लागला एकदाचा रस्ता."

आता मात्र रसूलभाईंना राहवेना.

"सर, त्यो मघाचा रस्ता व्हता. ट्रेल आता चालू झाली."

रिपोर्ट चांगला गेला. त्यात म्हणे असं लिहिलं होतं, की या भागात ही गाडी ट्रेलपेक्षा रस्त्यासाठी जास्त गरजेची आहे.

*

जुनी जीप दोन गावं लांबनं ऐकू यायची. ही अंगाशी आली तरी कळत नाही. कोंबड्यांना कळत नाही, कुत्र्यांना कळत नाही. लोहारा तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही गेलो, तर दारातच घरचे मालक एका हातानं दुधाचा कॅन धरून आणि दुसऱ्या हातानं त्यात पाण्याचा तांब्या ओतत उभे. आमची गाडी त्यांच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर!

रसूलभाईंनी खाकरलं.

मालक वळले. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. आणि उरलेलं पाणी शांतपणे स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं.

"आंघूळ करत हुतो," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्या गावातली मंडळी डेअरीवर आली. तक्रार दुधाची नव्हती, जीपची होती. पुढारीपण करणारे एक काका साहेबांना म्हणाले, "सायेब, मानसाच्या घरी आवाज करत यावं. आमी कायबी करत आसताव."

साहेबांना पटलं. रसूलभाईंनी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणून जीपच्या पुढं बांधली. आता लांबनंच खुळखुळ ऐकू यायची. माणसं खूश झाली. अडचण फक्त एक झाली. सांजच्याला आम्ही एका गावातनं बाहेर पडलो आणि रसूलभाईंनी आरशात बघितलं, तर रानातनं घरी चाललेली सगळी गुरं घर सोडून आमच्या मागं!

माळ त्याच दिवशी निघाली.

*

सास्तूरच्या शिवारात अवकाळी पाऊस पडून गेला होता. काळी माती. वरनं वाळल्यासारखी दिसते, आत नुसतं लोणी. रसूलभाईंनी चारही चाकांचा जोर लावून बघितला, तर गाडी चौरस खाली बसली. म्हणजे एका बाजूला कलली नाही, हे त्यातल्या त्यात समाधान!

शिवलिंगअप्पा म्हणून तिथले एक शेतकरी बैलगाडी घेऊन चालले होते. माणूस अबोल. काही न विचारता बैल सोडले, दोर बांधला आणि "हय्य!" केलं. बैलांनी जीप चिखलातनं तर काढलीच, पण पुढं बांधावरनं पार कडेच्या रस्त्यापर्यंत ओढत आणली. चाकं फिरत होती, गाडी गिअरमध्ये होती.

रसूलभाई पडद्यावर बघून ओरडले, "मॅडम! बॅटरी वाढली!"

खरंच थोडी वाढली होती. चाकं बाहेरनं फिरवली की ही गाडी करंट तयार करते, त्यातला प्रकार. पण रसूलभाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. खाली उतरून त्यांनी अप्पांचा हात धरला. "अप्पा, तुमच्या बैलांनी गाडी चार्ज केली! तुमच्या बैलांची ताकद हिच्यात आली बगा!"

अप्पा थांबले. धापा टाकणाऱ्या बैलांकडं बघितलं. जीपकडं बघितलं. चंची काढली, पान लावलं, खाल्लं. आणि म्हणाले, "मग आता हिला म्हनावं, माजी बैलगाडी घरला वढ."

रसूलभाईंनी दोर सोडला आणि बैलगाडीला बांधला.

त्या दिवशी सास्तूरच्या लोकांनी बघितलं. पुढं इलेक्ट्रिक जीप, तिच्यामागं बांधलेली बैलगाडी, बैलगाडीत पान चघळत बसलेले शिवलिंगअप्पा, आणि सगळ्यात मागं, हात हलवत यावं तसे मोकळे चाललेले दोन बैल!

*

आणि आता सुंदरामावशींचा.

येडशीच्या पलीकडं डोंगरात एक चार घरांची वस्ती आहे. तिथं सुंदरामावशी आणि त्यांची सून रेखा राहतात. घरात एक म्हैस. तिच्या दुधावर चूल पेटते, तिच्याच दुधावर नातवंडांची शाळा चालते. थंडीचे दिवस होते. सकाळीच रेखाचा फोन आला, "मॅडम, म्हस अडलीय. पहाटंपास्नं कळा देती. आत्याबाई रडायल्यात. तुमी या."

आम्ही निघालो, पण आदल्या दिवशी लाईट नसल्यामुळं बॅटरी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. नेहमीची माणसं त्या वस्तीला पायी चढतात. रसूलभाईंनी दगडधोंड्यांच्या ओढ्यातनं, करवंदाच्या जाळीतनं गाडी अशी चढवली, की ती सारखी "सामने रास्ता नहीं है" म्हणणारी बाईसुद्धा शेवटी गप्प झाली. वर पोचलो तेव्हा बॅटरीची पट्टी लाल झाली होती.

रेडकाचा पुढचा पाय आत दुमडलेला. मी बाह्या वर केल्या. म्हैस थकलेली, मी थकलेली, मावशी तिच्या डोक्याशी बसून तिच्या कानात सारखं "आलंय, आलंय, माजी बाय" म्हणत होत्या. बऱ्याच खटपटीनं पाय सरळ झाला, आणि रसूलभाई, रेखा आणि मी, तिघांनी मिळून ओढलं. मादी रेडकू, वगार झाली. पण अंगात हालचाल नाही. नाक साफ केलं, छाती चोळली, गोणपाटानं पुसून काढलं. श्वास सुरू झाला, पण अंग गारठलेलं. डोंगरावरचा वारा सुरीसारखा. शेकोटी पेटवली तर धूर सगळा तिच्याच तोंडावर.

मी रसूलभाईंकडं बघितलं. रसूलभाईंनी गाडीकडं बघितलं.

"हिटर लावू?" त्यांनी विचारलं.

"लावलं तर परत कसं जायचं?"

"ते मग बघू. आदी ही."

पुढच्या सीटवर स्वतःची शाल अंथरून त्यांनी वगारीला आत ठेवली, काचा लावल्या, हिटर पूर्ण सोडला आणि तिच्या शेजारी बसून अंग चोळायला लागले. तेवढ्यात साहेबांचा फोन. "बॅटरी किती आहे? हिटर-बिटर काही लावू नका हं!"

"साहेब, तुमचा आवाज तुटायलाय," रसूलभाई म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्ही बायका बाहेर काचेला नाक लावून उभ्या. बॅटरी उतरत होती. वगार काही हलत नव्हती. मावशी पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या, डोळे मिटलेले. आणि एकदम "प्वाँऽऽ!" करून हॉर्न वाजला!

वगारीनं मान उचलली होती. ती थेट स्टिअरिंगवर!

रेखा हसता हसता रडायला लागली. मावशी खालीच बसल्या. दार उघडलं, तर रसूलभाईंचे डोळेही लाल. म्हणाले, "हिटरनं जळजळायलेत."

थोड्या वेळानं वगार लटपटत उभी राहिली, आईला लागली, चीक प्याली. सगळं छान झालं. फक्त आमची जीप मेली.

घरातनं वायर ओढून जीप लावली. एवढ्याशा प्लगवर काय भरणार! दुपार तिथंच काढावी लागली. मावशींनी जेवायला घातलं, पण लक्ष सगळं बाहेर. शेवटी न राहवून त्यांनी रसूलभाईंना विचारलं, "ही खाती काय रं?"

"लाईट खाती, मावशी."

"नुसता लाईट? त्यानं कुनाचं प्वाट भरतंय?"

"हिचं भरतंय."

मावशींना काही ते पटलं नाही.

उन्हं कलली तशी आम्ही निघायची तयारी केली. तेवढ्यात रेखा ताट घेऊन बाहेर आली. हळद-कुंकू, नारळ, तांदूळ, हिरवा खण. मावशी म्हणाल्या, "सुईन ओटी भरल्याबिगर दारातनं जाऊ नये."

मला भरून आलं. इतकी वर्षं नोकरी केली, ओटी कुणी भरली नव्हती. मी ओढणी नीट केली, पुढं झाले, ओंजळीत ओढणीचं टोक धरलं.

मावशींनी मला हातानं हलकेच बाजूला केलं. "तुमची बी भरू, मॅडम. आदी हिची. ऊब हिनं दिली."

आणि सासूसुना जीपपुढं जाऊन उभ्या राहिल्या. रेखानं बॉनेटला हळद-कुंकू लावलं. मग दोघींना प्रश्न पडला. मावशी वळून म्हणाल्या, "आवं भाऊ, हिची ओटी कुठं हाय?"

रसूलभाई जराही हसले नाहीत. गंभीरपणे पुढं आले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आत इंजिन नसतंच, सामान ठेवायची मोकळी खोलगट जागा असते. ती त्या दिवशी रिकामी होती. "हितं भरा, मावशी."

मावशी नारळ घेऊन वाकल्या. आत बघितलं. वाकल्या तशाच थांबल्या. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी रसूलभाईंकडं असं बघितलं, की तो माणूस एक पाऊल मागं सरला.

"म्या मगाधरनं म्हनतेय! प्वाट रिकामंच हाय की रं हिचं!" आणि घराकडं तोंड करून ओरडल्या, "रेखे, तवा टाक गं! हिला भाकरी खाल्ल्याबिगर जाऊ द्यायची न्हाय!"